‘प्लेथोरा’ म्हणजे नुसतं ‘पुष्कळ’ नव्हे

प्रश्न असा आहे: इंग्रजी वाचताना ‘अ प्लेथोरा ऑफ’ हे शब्द वारंवार समोर येतात. एका कोशात त्याचा अर्थ ‘विपुलता’ दिलेला असतो, दुसऱ्यात ‘अतिरेक’. मग खरा अर्थ कोणता? चांगल्या गोष्टींबद्दल हा शब्द वापरता येतो का? आणि मराठीत त्याला काय म्हणायचं?

इंग्रजीतून मराठीत भाषांतर करण्याचं काम मी पंचवीसएक वर्षं करते आहे. हा शब्द माझ्यासमोर शेकडो वेळा आला असेल. तरी प्रत्येक वेळी थांबून विचार करावा लागतो, म्हणून थोडं विस्ताराने लिहिते.

आधी थेट उत्तर. प्लेथोरा म्हणजे पेलणार नाही, सांभाळता येणार नाही किंवा उपयोगात आणता येणार नाही इतकं जास्त. यात आकड्यापेक्षा तुलना महत्त्वाची आहे. दहा हजार पुस्तकं ग्रंथालयात असली तर तो प्लेथोरा नाही. परीक्षा आठवड्यावर आली असताना एकाच विषयाची बारा पाठ्यपुस्तकं समोर पडली, तर मात्र आहे. आजच्या इंग्रजीत हा शब्द पुष्कळदा नुसत्या ‘भरपूर’ या अर्थानेही वापरला जातो आणि आजचे मोठे कोशही दोन्ही अर्थ देतात. पण शब्दाचं मूळ बळ पहिल्या अर्थात आहे. ते हातातून सुटलं की वाक्यातली तक्रार हरवते.

ही तक्रार माझ्याकडून एकदा हरवली होती. काम नवीन होतं तेव्हाची गोष्ट. रखडलेल्या एका प्रकल्पावरचा अहवाल भाषांतरासाठी आला होता. त्यात वाक्य होतं की प्रकल्पाची देखरेख ‘अ प्लेथोरा ऑफ कमिटीज’ करत होत्या. मी लिहिलं, “प्रकल्पावर अनेक समित्यांची देखरेख होती.” व्याकरण बरोबर, कोशातला अर्थही बरोबर. पुढचं वाक्य होतं, “त्यामुळे निर्णय लांबत गेले.” अनेक समित्या लक्ष ठेवत असतील तर निर्णय का लांबावेत, हे माझं मराठी वाचणाऱ्याला कळलंच नसतं. ज्येष्ठ संपादकांनी समासात एवढंच विचारलं होतं, की लेखकाची तक्रार कुठे गेली? मी वाक्य बदललं: “प्रकल्पावर देखरेख करायला समित्याच समित्या होत्या.” एक ‘च’ आणि नामाची द्विरुक्ती, एवढ्याने तक्रार परत आली. मराठीच्या या सोयीकडे पुढे पुन्हा येईन.

शब्दाचा जुना प्रवास मला फार आवडतो, आणि आजचा वापर समजायला तो खरोखर उपयोगी पडतो. मूळ ग्रीक शब्द ‘प्लेथोरे’, म्हणजे भरलेपण. इसवी सनापूर्वीच्या ५व्या शतकातल्या हेरोडोटसच्या इतिहासग्रंथात तो दोन वेगवेगळ्या ढंगांनी आलेला आहे. इजिप्तचा राजा अमासिस पहाटेपासून ‘बाजार भरेपर्यंत’ राज्यकारभार पाही, असं तो सांगतो, तिथे हाच शब्द आहे. सकाळ सरता सरता बाजार गजबजून जाई, त्या वेळेला ग्रीक लोक ‘भरला बाजार’ म्हणत. त्या अर्थात कसलाही दोष नाही. त्याच ग्रंथात पुढे पर्शियाचा राजा झेर्क्सिस ग्रीसवर स्वारीला निघालेला असताना त्याचा चुलता आर्टाबानस त्याला समजावतो, की यशाने माणसाचं पोट कधी भरत नाही. तिथे ‘पोट भरणं’, ‘तृप्ती’ या अर्थी पुन्हा प्लेथोरे. म्हणजे भरलेला बाजार आणि न भरणारी हाव, दोन्हींसाठी एकच शब्द. आज जी ओढाताण दिसते, ‘छान भरलेलं’ की ‘जास्त भरलेलं’, तिची बीजं इतकी जुनी आहेत.

दोषाचा अर्थ पक्का केला तो वैद्यकाने. अंगात रक्ताचं प्रमाण वाढणं हा प्राचीन ग्रीक वैद्यांच्या मते अनेक रोगांचा उगम होता आणि त्या अवस्थेला ते प्लेथोरा म्हणत. इसवी सनापूर्वी ३ऱ्या शतकातला इरासिस्ट्राटस हा वैद्य त्यावर उपाय म्हणून रक्त काढण्यापेक्षा रुग्णाचा आहार तोडणं पसंत करी. पुढे इसवी सनाच्या २ऱ्या शतकात गेलन या वैद्याने त्याच्याविरुद्ध लिहून रक्तमोक्षणाचा, म्हणजे शिरेतून रक्त काढण्याचा, जोरदार पुरस्कार केला. हा वाद वैद्यकाच्या इतिहासाचा. आपल्या कामाची आहे ती गेलनने केलेली एक फोड. त्याच्या मते प्लेथोरा दोन प्रकारचा असतो. एक, रक्त शिरांच्या मानाने जास्त होतं, शिरा तटतटून फुगतात. दुसरा, शिरांमध्ये जागा आहे, पण रुग्णाच्या शक्तीच्या मानाने रक्त जास्त आहे, शरीराला ते झेपत नाही. पुढच्या लॅटिन वैद्यकातही हे दोन प्रकार टिकून राहिले.

मला ही फोड भाषांतरासाठी फार मोलाची वाटते. जास्त झालं म्हणजे कशाच्या मानाने जास्त झालं? भांड्याच्या मानाने, की उचलणाऱ्याच्या ताकदीच्या मानाने? ‘प्लेथोरा ऑफ चॉइसेस’ म्हणताना जागा कमी पडत नसते, निवडणाऱ्याची शक्ती कमी पडत असते. कपाटात आणखी कपडे मावणार नाहीत, तिथे भांडं कमी पडतं. वाक्यात यातलं काय आहे हे ओळखलं की मराठी शब्द निम्मा सापडतो.

इंग्रजीत हा शब्द १६व्या शतकात आला तो वैद्यकाचाच शब्द म्हणून. रक्त सोडून इतर गोष्टींसाठी लाक्षणिक अर्थाने तो वापरायला सुरुवात झाली साधारण १७००च्या आसपास. मूळचा वैद्यकीय अर्थ अजूनही जिवंत आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी वाढल्यामुळे किंवा कुशिंग सिंड्रोम या संप्रेरकांच्या विकारात चेहरा लालबुंद, भरलेला दिसतो, त्याला डॉक्टर फेशियल प्लेथोरा म्हणतात. हृदयातल्या जन्मजात छिद्रामुळे फुप्फुसांकडे जास्त रक्त जात असेल, तर छातीच्या एक्स-रेवर पल्मनरी प्लेथोरा दिसतो. म्हणून वैद्यकीय मजकुरात हा शब्द आला तर ‘विपुलता’ लिहून मोकळं होऊ नका. तिथे ‘रक्ताधिक्य’ किंवा सरळ ‘रक्त जास्त साठणं’ असंच लिहायला हवं.

आता मुळाकडे जाऊ, कारण ते आपल्या दारापर्यंत येतं. ग्रीक ‘प्लेथोरे’मधला ‘प्ले’, लॅटिन ‘प्लेनुस’ आणि ‘प्लुस’, इंग्रजी ‘फुल’ आणि ‘फिल’, आणि संस्कृत ‘पूर्ण’ हे सगळे एकाच इंडो-युरोपीय धातूचे वंशज आहेत. तिकडचा ‘ल’ संस्कृतात ‘र’ झाला. इंग्रजी ‘प्लेंटी’, ‘कम्प्लीट’, ‘सप्लाय’ हेही त्याच घरातले. आणि मराठीत? पुरणे, पुरवणे, पुरवठा, पुरवणी. ‘सप्लाय’ला आपण ‘पुरवठा’ म्हणतो तेव्हा दोन दूरचे भाऊ भेटतात.

पण त्याहून सुंदर गोष्ट अशी, की या एका मुळातून मराठीने मोजमापाची सबंध पट्टी उभी केली आहे. ‘अपुरं’ म्हणजे कमी पडणारं. ‘पुरेसं’ म्हणजे भागेल एवढं. ‘भरपूर’ म्हणजे सढळ. ‘पूर’ म्हणजे काठ ओलांडून गेलेलं. आणि मधे उभा असलेला ‘पुरे’! “एवढं पुरे” यात समाधान आहे. “आता पुरे!” यात थांबवण्यासाठी वर केलेला हात आहे. शब्द तोच, आवाज बदलला. प्लेथोरा या शब्दाची जागा पट्टीवर नेमकी कुठे, असं कोणी विचारलं तर मी सांगेन: ‘भरपूर’ ओलांडल्यावर आणि ‘पूर’ यायच्या आधी, जिथे माणूस “आता पुरे” म्हणतो, तिथे.

वापराचं व्याकरण लवकर उरकते. शब्द बहुधा ‘अ प्लेथोरा ऑफ’ असाच येतो आणि पुढे मोजता येणारं अनेकवचनी नाम शोभतं: ऑप्शन्स, रूल्स, कमिटीज. ‘इन्फर्मेशन’सारख्या न मोजता येणाऱ्या नामाबरोबरही तो सर्रास दिसतो आणि खपतो. पाणी, वाळू अशा पदार्थांबरोबर मात्र विचित्र वाटतो. क्रियापद एकवचनी की अनेकवचनी? दोन्ही आढळतात. समूह म्हणून बोलायचं असेल तर ‘इज’, त्यातल्या सुट्या सुट्या गोष्टी डोळ्यांसमोर असतील तर ‘आर’. यावर वाद घालत बसू नये. ‘ह्यूज प्लेथोरा’, ‘टू मच ऑफ अ प्लेथोरा’ हे मात्र टाळा. जास्तपणा शब्दात आधीच आहे, त्यावर आणखी विशेषण लादायची गरज नाही.

उच्चाराबद्दल एक शब्द. आपण ‘प्लेथोऽरा’ असा मधल्या अक्षरावर जोर देऊन म्हणतो. इंग्रजीत जोर पहिल्या अक्षरावर असतो आणि मधला स्वर पुसट होतो, ऐकायला साधारण ‘प्लेथरा’. लिहिताना देवनागरीत ‘प्लेथोरा’ रूढ आहे आणि ते बदलायचं कारण नाही. बोलताना जोर तेवढा पुढे घ्या.

चांगल्या अर्थाने चालतो का, हा प्रश्नाचा दुसरा भाग. वाचताना: हो, चालतो हे मान्य करूनच वाचा. जाहिरातींत ‘प्लेथोरा ऑफ अमेनिटीज’ असतं तेव्हा लेखकाला सोयी जास्त झाल्या असं म्हणायचं नसतं, त्याला मिरवायचं असतं. तिथे ‘अतिरेक’ असं भाषांतर केलं तर जाहिरातदाराच्याच तोंडून त्याची निंदा होईल. ‘सोयींची रेलचेल’ हेच योग्य. लिहिताना मात्र माझा सल्ला वेगळा आहे. ‘पुष्कळ’साठी इंग्रजीत मेनी, न्यूमरस, प्लेंटी, अ‍ॅम्पल, अबन्डन्स असे कितीतरी शब्द आहेत. ‘जास्त झालं’ हे एका शब्दात, तेही न रागावता सांगणारे शब्द मोजकेच. त्यातला एक नुसता भारदस्त वाटतो म्हणून ‘मेनी’च्या जागी खर्च करू नये. अर्ज, निबंध आणि भाषणं यांत हे सतत घडताना दिसतं, आणि प्रत्येक वेळी मला वाईट वाटतं.

त्याच्या शेजारच्या शब्दांशीही गल्लत होते. ‘मिरिअड’ हा मूळ ग्रीक शब्द दहा हजार या संख्येचा. म्हणून तो ‘असंख्य’, ‘अगणित’ सुचवतो. त्यात जास्त झाल्याचा भाव नाही. आकाशातले तारे मिरिअड असतात, प्लेथोरा नसतात.

‘ग्लट’ हा बाजाराचा शब्द. लॅटिनमधल्या ‘गिळणे’ या क्रियापदापासून आलेला, ‘ग्लटन’ म्हणजे खादाड, त्याच कुळातला. मागणीपेक्षा माल जास्त येतो, साठतो, भाव कोसळतो, तेव्हा ग्लट. गेलनची ‘भांड्याच्या मानाने जास्त’ ही कल्पना इथे अगदी डोळ्यांनी दिसते. २० एप्रिल २०२० रोजी अमेरिकेतल्या वेस्ट टेक्सास इंटरमिजिएट या कच्च्या तेलाच्या मे महिन्याच्या वायद्याचा भाव उणे ३७.६३ डॉलर प्रतिबॅरलवर बंद झाला. कोविडच्या साथीमुळे मागणी आटली होती, आणि ओक्लाहोमातल्या कुशिंग इथे, जिथे या वायद्याचं तेल प्रत्यक्ष ताब्यात घ्यायचं असतं, तिथल्या टाक्यांमध्ये मिळण्याजोगी जागा उरली नव्हती. तेल घेऊन जायला पैसे द्यायची वेळ विकणाऱ्यावर आली. या घटनेबद्दल लिहिताना ‘तेलाची विपुलता’ म्हणणं हास्यास्पद होईल. ‘तेल तुंबलं’ हे नेमकं. ‘माल तुंबणे’ हा व्यापाऱ्यांच्या तोंडचा शब्द आपल्याकडे तयार असताना ‘अतिपुरवठा’ हा घडवलेला शब्द दर वेळी कशाला?

‘सर्फिट’मध्ये जास्त झाल्याची शिसारी आहे. जुन्या फ्रेंचमधला ‘प्रमाणाबाहेर केलेलं’ असा त्याचा अर्थ. इंग्लंडचा राजा पहिला हेन्री १ डिसेंबर ११३५ रोजी वारला, तो लॅम्प्री नावाचे मासे जास्त खाल्ल्याने, असं त्या काळच्या इतिहासकाराने लिहून ठेवलं आहे. ‘अ सर्फिट ऑफ लॅम्प्रीज’ हे शब्द पुढे त्याच्या नावाला चिकटले. सर्फिटला मराठीत ‘अजीर्ण’ इतका जवळचा शब्द नाही. ‘उपदेशाचं अजीर्ण’, ‘बातम्यांचं अजीर्ण’. आणि क्रियापद हवं तर ‘वीट येणे’, ‘उबग येणे’.

‘सर्प्लस’ हिशेबातला, शांत शब्द. गरज भागून उरलेलं ते सर्प्लस. मराठीत ‘शिल्लक’, ‘वाढावा’. ‘सुपरफ्लुअस’ म्हणजे काठावरून वाहून गेलेलं, म्हणून बिनगरजेचं. त्याला ‘फाजील’ हा आपला शब्द मला फार आवडतो. मुळात तो अरबी; तिथे त्याचे अर्थ ‘उरलेला, जादा’ आणि ‘श्रेष्ठ, विद्वान’ असे दोन्ही. मराठीने त्यातला जादाचा अर्थ ठेवला आणि त्यावर नापसंतीचा रंग चढवला: फाजील आत्मविश्वास, फाजील लाड.

‘रिडन्डंट’ या शब्दाशी मात्र जपून. सामान्य लिखाणात तो ‘अनावश्यक’, पण अभियांत्रिकीत ‘रिडन्डंट सिस्टीम’ म्हणजे एक यंत्रणा बंद पडली तर काम चालू ठेवणारी राखीव यंत्रणा. विमानातल्या अशा यंत्रणेला ‘निरुपयोगी’ म्हटलेलं भाषांतर मी तपासताना पाहिलं आहे. जास्तीचं सगळंच नको असतं असं नाही.

हे सगळं झाल्यावर ‘अतिरेक’ या शब्दाबद्दल लिहायलाच हवं, कारण प्लेथोरासाठी बहुतेकांचा हात आधी त्याच्याकडेच जातो. अति आणि ‘रिच्’ धातू यांपासून तो झाला. याच धातूपासून ‘रिक्त’, म्हणजे रिकामा. रिच् म्हणजे रिकामं करणं, सोडून देणं. सगळं वापरून झाल्यावर जे मागे सुटतं, उरतं, ते ‘अतिरिक्त’. मूळ अर्थ इतका साधा. पण आजच्या मराठीत ‘अतिरेक’ हा शब्द वागण्याला चिकटला आहे. रागाचा अतिरेक, लाडाचा अतिरेक, व्यायामाचा अतिरेक. ‘समित्यांचा अतिरेक’ म्हटलं तर समित्यांनी काहीतरी आततायी केलं असं वाटतं. मोजता येणाऱ्या गोष्टींच्या गर्दीला हा शब्द बसत नाही, आणि प्लेथोरापुढे तर नेमक्या मोजता येणाऱ्याच गोष्टी येतात.

मग काय लिहायचं? एक ठरलेला प्रतिशब्द नाही, आणि तो शोधूही नये. मराठी इथे इंग्रजीपेक्षा जास्त स्पष्टवक्ती आहे. बोलणाऱ्याला ती गोष्ट आवडते की नाही हे शब्दातच सांगायला लावते. आवडत असेल तर रेलचेल, सुकाळ, चंगळ. नावडती असेल तर सुळसुळाट: भोंदूंचा सुळसुळाट, बनावट औषधांचा सुळसुळाट. अंगावर येत असेल तर भडिमार: प्रश्नांचा, सूचनांचा. अचानक जिकडेतिकडे उगवली असेल तर पेव फुटणे. पेव म्हणजे जमिनीखालची धान्याची कोठी. ती फुटली की आत दडलेलं सगळं एकदम बाहेर. ‘शिकवण्यांचं पेव फुटलं आहे’ यात संख्या, अचानकपणा आणि नापसंती तिन्ही आले. कवडीमोल होण्याइतकी मुबलक असेल तर पैशाला पासरी. इंग्रजी प्लेथोराला यातली कुठलीही छटा चालते, म्हणून मूळ परिच्छेद पुढे-मागे वाचून लेखकाचा सूर ओळखल्याशिवाय शब्द निवडू नका. ‘प्लेथोरा ऑफ एक्स्पर्ट्स’ हे कौतुकाने लिहिलं असेल तर ‘तज्ज्ञांची मांदियाळी’, वैतागून लिहिलं असेल तर ‘तज्ज्ञांचा सुळसुळाट’. यातला चुकीचा निवडला तर लेखकाचं म्हणणं उलटं होतं.

आणि सूर तटस्थ असेल, कौतुकही नाही आणि वैतागही नाही, तर? तिथे नाम शोधायचं सोडून द्या. मराठी जास्तपणा वाक्याच्या बांधणीतून सांगते. समित्याच समित्या. इतके पर्याय, की निवड अवघड व्हावी. आणि सगळ्यांत जवळचे दोन शब्द, ‘नको तितके’. त्यातला ‘नको’ पाहा. हवंसं वाटण्याची हद्द जिथे संपते, तिथून पुढचं सगळं त्यात येतं. गेलनची ‘शक्तीच्या मानाने जास्त’ ही कल्पना याहून थोडक्यात मला कुठल्या भाषेत सापडलेली नाही.

अलीकडे माझ्याकडे आलेलं एक वाक्य साधारण असं होतं: नव्या वापरकर्त्यासमोर ‘अ प्लेथोरा ऑफ सेटिंग्ज’ येतात आणि तो अ‍ॅप बंद करतो. पहिल्या खर्ड्यात ‘सेटिंगांची विपुलता’ होती, दुसऱ्यात ‘सेटिंगांचा अतिरेक’. शेवटी गेलं ते असं: “नव्या वापरकर्त्यासमोर नको तितकी सेटिंगं येतात आणि तो अ‍ॅप बंद करून टाकतो.”